सात वर्षं खरी, पण मोजायची कुठून?

पत्र थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. घरी शेंगाचटणी, काळा मसाला, पापड करून विकतात. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे क्यूआर कोडवर. फोन २०२१ च्या दिवाळीतला, अँड्रॉइड ११ चा. पुढे १२ झाला आणि तिथंच थांबला. सिक्युरिटी अपडेटची तारीख ऑगस्ट २०२३ वर अडकली आहे, हे मुलानं दाखवलं आणि ताई धास्तावल्या. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणतो, ‘सात वर्षं अपडेट मिळणारा फोन घे, हप्ते मी भरतो.’ तो फोन पन्नास हजारांच्या पुढचा. गावातला मोबाइल दुकानदार म्हणतो, ‘अपडेट टाकूच नका ताई, फोन बसतो त्यानं.’ धाकटे दीर आपला आयफोन एक्सआर नऊ हजारांना द्यायला तयार आहेत, ‘आयफोनला अपडेटचं टेन्शन नसतं’ म्हणून. ताईंचं स्वतःचं बजेट वीस हजार. त्या विचारतात: आताचा फोन वापरणं धोक्याचं आहे का? या तिघांपैकी कुणाचं ऐकू? आणि पाच-सहा वर्षं पुन्हा बघायला लागणार नाही असा फोन माझ्या बजेटमध्ये मिळेल का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. हो, मिळेल. हाच प्रश्न २०२२ साली आला असता तर मी नाही म्हटलं असतं. तेव्हा लांब मुदतीचे अपडेट ही महागड्या फोनांची मिरास होती. आता तसं राहिलेलं नाही.

आता तुमची धास्ती. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी आणि त्यांची दुरुस्ती जाहीर करतं. ही मासिक शिस्त २०१५ पासूनची आहे. त्या वर्षी ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली. नुसत्या व्हिडिओच्या मेसेजमधून फोनवर हल्ला करता येतो हे कळलं आणि सगळे खडबडून जागे झाले. ही दुरुस्ती फोन बनवणारी कंपनी आपापल्या मॉडेलमध्ये बसवून पाठवते, तेव्हा ती तुमच्यापर्यंत पोचते. तुमच्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ नंतर हे काम थांबवलं. म्हणजे त्यानंतर सापडलेल्या त्रुटी तुमच्या फोनमध्ये तशाच आहेत आणि त्यांची यादी जगजाहीर आहे. मुलाची काळजी खोटी नाही.

पण फोन उघडा पडला असंही नाही. अँड्रॉइड १० पासून काही भागांचे अपडेट गूगल थेट प्ले स्टोअरच्या वाटेनं पाठवतं, त्यासाठी फोन कंपनीची वाट बघावी लागत नाही. क्रोम, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप हेही आपापले अपडेट घेतच असतात. त्यामुळे आज रात्रीत फोन बदला असं मी म्हणणार नाही. तुमच्या धंद्याचे पैसे त्यातून फिरतात, तेव्हा महिना-दोन महिन्यांत बदला. तोवर ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि बँकेच्या खात्यात रोजच्या व्यवहारापुरतीच रक्कम ठेवा. उरलेली दुसऱ्या खात्यात, जे या फोनला जोडलेलं नाही.

इथं एक गोष्ट विचारावीशी वाटते. नवा फोन आला की आपण सुरक्षित, असं तुम्ही धरून चाललाय का? आपल्याकडे पैसे कसे जातात ते आठवा. ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) व्हॉट्सॲपवर येते. लग्नाची पत्रिका म्हणून येते. पीएम किसानच्या नावानं येते. माणूस ती स्वतःच्या हातानं उघडतो, विचारलेल्या सगळ्या परवानग्या देतो, आणि ओटीपी वाचणारं ॲप फोनमध्ये जाऊन बसतं. किंवा ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असा फोन येतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे तुम्हाला माहीत असणारच, तुम्ही रोज घेता. पण घाईत, हात पिठाचे असताना, माणूस चुकतो. यातलं काहीही थांबवायची हमी सात वर्षांचा अपडेटही देत नाही. नवी आवृत्ती थोडी मदत करते, हे मात्र खरं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (म्हणजे स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीनं बटणं दाबायची) परवानगी सहजासहजी मिळत नाही, आणि असली फसवी ॲप नेमकी तीच परवानगी मागतात. तुमच्या १२ मध्ये हा अडसर नाही.

दुकानदाराकडे वळते. त्याला तुम्ही वेड्यात काढू नका, कारण त्याच्याकडे तक्रार घेऊन येणारी माणसं खरी असतात. अपडेट टाकला आणि फोन रांगायला लागला, हे जगभर घडलेलं आहे. इटलीच्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये याच कारणावरून ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता. जुन्या फोनांवर नवे अपडेट टाकायला लावले आणि फोन मंदावले, असा ठपका होता. तेव्हा दुकानदाराचा अनुभव हवेतला नाही. त्याचा सल्ला मात्र अर्धवट आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतोय.

एक असतो आवृत्ती बदलणारा मोठा अपडेट. अँड्रॉइड १४ चा १५ होतो, दिसणं बदलतं, काही गोष्टी जड होतात. दुसरा असतो सिक्युरिटी पॅच. तो आकारानं लहान, दिसण्यात काहीच बदल नाही, नुसती डागडुजी. मोठ्या अपडेटला पंधरा दिवस थांबलात तर बिघडत नाही. उलट इतरांचं काय होतंय ते कळतं. पॅचला थांबू नका. मोठा अपडेट टाकायच्या आधी फोटो आणि ग्राहकांच्या चॅटचा बॅकअप घ्या, निदान १०-१२ जीबी जागा मोकळी करा, आणि टाकल्यावर एक-दोन दिवस फोन गरम झाला किंवा सुस्त वाटला तर घाबरू नका. आतल्या ॲपची नवी मांडणी चाललेली असते. आठवड्यानंतरही तसाच राहिला, तर तक्रार करा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे उत्तर लांबवतेय. ‘सात वर्षं’, ‘सहा वर्षं’ हे आकडे मोजायचे कुठून?

आपण धरून चालतो की आपण फोन घेतला त्या दिवसापासून. तसं नसतं. बहुतेक कंपन्या ते मॉडेल बाजारात पहिल्यांदा आलं त्या दिवसापासून मोजतात. तुमच्या मसाल्याच्या पाकिटावर पॅकिंगची तारीख असते ना, मुदत तिथून धावायला लागते, गिऱ्हाइकानं कधी विकत घेतलं त्याच्याशी तिचा संबंध नसतो. तसंच हे. दिवाळीच्या सेलमध्ये एखादा फोन एकदम चार हजारांनी उतरला की समजावं, त्याच्या मुदतीतलं एखादं-दीड वर्ष आधीच संपलं असणार. तुमच्या आताच्या फोनचंही हेच झालं असेल. तुम्ही २०२१ च्या दिवाळीत घेतलात, पण तो बाजारात आला कधी, हे मुलाला शोधायला सांगा.

युरोपीय संघात याचा निकाल कायद्यानं लावलाय. २० जून २०२५ पासून तिथं लागू झालेल्या नियमानुसार, एखाद्या मॉडेलची विक्री ज्या दिवशी थांबेल, तिथून पुढं किमान ५ वर्षं अपडेट द्यावेच लागतात. म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकालाही पूर्ण पाच. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीला निदान किती काळ सुरक्षा अपडेट देणार ते जाहीर करावं लागतं. आपण मात्र कंपनीच्या शब्दावर चालतो, म्हणून तो शब्द नीट वाचायचा.

वाचताना दोन आकडे वेगवेगळे शोधायचे: आवृत्त्या किती, सिक्युरिटीची वर्षं किती. जाहिरातीत जो मोठा असतो तोच ठळक छापलेला असतो. उदाहरण देते. नथिंग कंपनीचा सीएमएफ फोन २ प्रो एप्रिल २०२५ मध्ये आला. त्याला आवृत्तीचे अपडेट ३ वर्षं आणि सिक्युरिटीचे ६ वर्षं. वाईट नाही, पण ‘सहा वर्षं अपडेट’ एवढंच ऐकलंत तर चौथ्या वर्षी चुटपुट लागेल. त्याच कंपनीचा सीएमएफ फोन १, जेमतेम वर्षभर आधी जुलै २०२४ मध्ये आलेला, त्याला मात्र २ आवृत्त्या आणि ३ वर्षं सिक्युरिटी. नाव तेच, डबा तसाच, मुदत निम्मी. ‘अमुक कंपनी चांगली’ हे वाक्य म्हणूनच मला या बाबतीत निरुपयोगी वाटतं. मॉडेल बघायचं.

तुमच्या बजेटचं उदाहरण घेऊ. सॅमसंगचा गॅलेक्सी ए१६ ५जी भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांना आला. ६ आवृत्त्या आणि ६ वर्षं सिक्युरिटी असं वचन. साधारण ऑक्टोबर २०३० पर्यंत. त्याच्यामागून ऑगस्ट २०२५ मध्ये ए१७ ५जी आला, त्यालाही सहा-सहा. म्हणजे २०३१ च्या ऑगस्टपर्यंत. आता किंमत भागिले वर्षं करा: एकोणीस हजार भागिले सहा, वर्षाला साधारण ३,२०० रुपये. तेव्हा दुकानदारानं ए१६ पाच-सातशे रुपयांनी स्वस्त देऊ केला, तर ती सूट नव्हे. जवळजवळ वर्षभराची मुदत तुम्ही मोडताय. अडीच-तीन हजारांचा फरक असेल तर विचार करण्यासारखं. मी सॅमसंगची वकिली करत नाहीये. हाच हिशेब तुम्ही दुसऱ्या कुठल्याही मॉडेलला लावा: बाजारात आल्याची तारीख, अधिक वचनाची वर्षं, वजा आजची तारीख. जे उरेल त्यानं किंमतीला भागा.

आणखी एक बारकावा दुकानात कुणी सांगत नाही. ‘सहा वर्षं सिक्युरिटी’ म्हणजे सहा वर्षं दर महिन्याला नव्हे. सॅमसंगच्या सुरक्षेच्या पानावर मॉडेलांच्या याद्याच आहेत: कुणाला महिन्याला, कुणाला तिमाहीला, कुणाला वर्षातून दोनदा. स्वस्त मॉडेलं आणि जुनी होत जाणारी मॉडेलं खालच्या यादीत सरकतात. वीस हजारांच्या फोनला तीन महिन्यांनी पॅच आला तर ती फसवणूक समजू नका. घेतल्यावर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ (सॅमसंगवर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’) उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख अधूनमधून बघत जा. तिथंच खाली ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ अशी दुसरी तारीख असते, तिच्यावरून फसू नका. ती ताजी आणि वरची जुनी, असं होऊ शकतं.

आणि सहा वर्षं अपडेट येणार असतील तर सहा वर्षं फोननंही तग धरायला हवा. ४ जीबी रॅमच्या फोनला सहा आवृत्त्यांचं वचन असलं तरी पुढच्या आवृत्त्या त्याला पेलणार नाहीत. मग दुकानदाराचंच म्हणणं खरं ठरेल. ६ जीबीच्या खाली जाऊ नका, ८ मिळाली तर उत्तम. स्टोरेज १२८ जीबी, कारण ग्राहकांचे फोटो आणि व्हॉइस मेसेज तुम्ही पुसणार नाही, हे मी पैजेवर सांगते. बॅटरी चौथ्या वर्षाच्या आसपास बदलावी लागेलच, ते पैसे आत्ताच हिशेबात धरा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की थेट पुण्यात, ते फोन घेण्याआधी विचारा. बाकी तुमच्या घरात मिरची कांडली जाते; चार्जिंगच्या भोकात मसाल्याची धूळ बसून फोन बंद पडला, तर त्यावर अपडेट कुणीच काढलेला नाही. कामाच्या जागी फोन झिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीवरूनही स्क्रीन चालते.

दिरांच्या आयफोनचं लवकर उरकते. आयफोन वर्षानुवर्षं अपडेट घेतो हे खरं आहे, पण एक्सआर हा २०१८ चा. त्याला सहा वर्षांनी, २०२४ मध्ये, आयओएस १८ मिळालं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस २६ आलं (अठराच्या पुढं थेट सव्वीस, ॲपलनं मधले आकडे गाळले) आणि त्यातून एक्सआर वगळला गेला. त्यानंतर अशा जुन्या फोनांना अधूनमधून सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, पण त्यांच्या भरवशावर धंदा टाकायचा नाही. दिरांनी आपल्या परीनं भलंच सुचवलं असेल. त्यांना सांगा, फोन चांगला राहिलाय, पण मुदत उरली नाही. घरातल्या घरात भाव करायचा अवघडलेपणाही टळेल. ज्यांना जुनाच फोन घ्यायचा आहे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, त्यांनी मॉडेलचं साल आधी बघावं. शिवाय केवायएम, मग मोकळी जागा, मग फोनचा १५ आकडी आयएमईआय (म्हणजे ओळख) क्रमांक, असा इंग्रजी अक्षरांत मेसेज १४४२२ वर पाठवून तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून घेतानाही.

राहता राहिला मुलगा. तो सांगतोय तो फोन वाईट नाही. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून, आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आणि बाकीच्यांनाही मग मुदती वाढवाव्या लागल्या. तुमच्या वीस हजारांच्या फोनला आज सहा वर्षं मिळतात ती या चढाओढीची कृपा. पण मे २०२४ मध्ये ५२,९९९ ला आलेला पिक्सेल ८ए घ्या: भागिले सात, वर्षाला साधारण साडेसात हजार. तुमच्या कामाला, म्हणजे ऑर्डर, क्यूआर, चटणीचे फोटो आणि रात्री मुलाला व्हिडिओ कॉल, यासाठी वर्षाला चार हजार जास्त मोजण्यासारखं त्यात काय आहे? कॅमेरा सरस आहे, हे खरं. चटणी खपते ती चवीवर. शिवाय महागडा फोन ओट्यावरून पडला तर स्क्रीनचाच खर्च तुमच्या निम्म्या बजेटएवढा येऊ शकतो.

त्याला नाही म्हणायचं तर नुसतं ‘नको रे, कशाला खर्च’ म्हणू नका. मुलं ते ऐकत नाहीत, आणि त्यांना आईसाठी काहीतरी करायचं असतं. त्याला काम द्या. दोन-तीन मॉडेलं, त्यांच्या बाजारात आल्याच्या तारखा आणि दोन्ही आकडे कंपनीच्या पानावरून काढून कागदावर लिहून द्यायला सांगा. बॅटरी बदलायचा खर्च त्याच्याकडे ठेवा. आणि हप्त्यांऐवजी चांगलं कव्हर, स्क्रीन गार्ड आणि पुढच्या सुट्टीत दोन दिवस घरी, एवढं मागा.

जुना फोन सासूबाईंना द्यायचा आहे असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. जरूर द्या. व्हॉट्सॲपनं अगदी जानेवारी २०२५ पर्यंत अँड्रॉइड ४.४ चालवून घेतलं होतं. तुमचा १२ आहे, तेव्हा कीर्तनाचे व्हिडिओ आणि नातवाशी बोलणं त्यावर बराच काळ चालेल. फक्त आधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पुसून कोरा करा, त्यात तुमचं गूगल खातं पुन्हा घालू नका, बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप टाकू नका, आणि पेन्शनच्या खात्याला जोडलेलं सिम त्यात घालू नका.

आणि पत्रात नसलेला, पण नव्या फोनच्या दिवशी नक्की पडणारा प्रश्न: पाकिटांवर छापलेला क्यूआर कोड बदलेल का? तेच ॲप, तोच नंबर, तेच खातं ठेवलंत तर सहसा नाही. ॲप चालू झाल्यावर शेजारणीकडून एक रुपया मागवून बघा. मात्र नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते. शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याचं बिल आदल्या दिवशीच चुकतं करा आणि मग फोन बदला.